अर्ध्या आण्याचा साहेब

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलं की आम्हा हॉस्टेलवाल्यांना दोनच कामं असतात. फराळ हाणणे आणि माळा आवरणे. यंदा ठाकूरद्वारच्या आमच्या चाळीतल्या खोलीचा माळा आवरताना पत्र्याच्या ट्रंकेत आजोबांचा तिकिटांचा अल्बम सापडला. आजोबा फोर्टातल्या एका कचेरीत कारकून होते. रद्दीत जाणाऱ्या पाकिटांवरची पोस्टाची तिकिटं ते घरी आणायचे, पाण्यात भिजवून सोडवायचे आणि वर्तमानपत्रावर वाळत घालायचे, असं आजी सांगते. मी अगदी लहान होतो तेव्हाच ते गेले.

अल्बमच्या पहिल्या पानावर एकच तिकीट होतं. गोल, लाल, अंगावर बारीक भेगा पडलेलं. खाली आजोबांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं : सिंद डाक, १८५२. काकांनी लगेच नेटवर किंमत पाहिली आणि घरात एकदम शांतता पसरली. आकडा लाखांतला होता. बाबांनी माझ्या शेवटच्या वर्षाच्या फीसाठी नुकतंच कर्ज काढलं होतं. त्यामुळे पुढचे चार दिवस घरात प्रत्येकजण त्या लाल वर्तुळाकडे जरा वेगळ्याच नजरेने बघत होता. आजी मात्र काही बोलली नाही. ती चकल्या तळत राहिली.

तिकीट खरं की खोटं, हे ठरवायची जबाबदारी अर्थात घरातल्या होऊ घातलेल्या इंजिनिअरवर आली. मी वाचायला बसलो तिकिटाबद्दल, आणि वाचत गेलो ते काढणाऱ्या माणसाबद्दल. त्याचं नाव सर हेन्री बार्टल एडवर्ड फ्रेअर. मित्रांनो, हे नाव आपल्या ओळखीचं नसलं तरी आपण त्याच्या खुणांमधून रोज जातो. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या जुन्या मुख्य इमारतीची कोनशिला १८६५ साली याच माणसाने बसवली. ग्रँट रोड स्टेशनवरचा जुना पूल त्याच्याच नावाचा. बातम्यांमध्ये तो फेरेरे पूल म्हणून येतो, आणि लहानपणी मला हा फेरेरे कुणीतरी इटालियन असावा असं वाटायचं!

फ्रेअरचा जन्म २९ मार्च १८१५ रोजी वेल्समध्ये झाला. कंपनी सरकारचे मुलकी अधिकारी जिथे तयार होत त्या हेलिबरी कॉलेजात तो शिकला आणि १८३४ साली, एकोणिसाव्या वर्षी, मुंबईला निघाला. त्या काळी सगळे जहाजाने आफ्रिकेला वळसा घालून येत. याने इजिप्तचा रस्ता धरला. वाळवंट ओलांडलं, तांबड्या समुद्रात उघड्या होडीतून मोखा बंदर गाठलं आणि तिथून मुंबई. या वाटेने कुणी येईल अशी अपेक्षाच नव्हती, त्यामुळे आपण कंपनीचे नवे नोकर आहोत हे पटवून देताना स्वारीची पंचाईत झाली म्हणतात. म्हणजे पहिल्याच दिवशी ओळखपत्राचा घोळ! आपल्याला परीक्षेच्या हॉलबाहेर होतो तसाच.

मुंबईत त्याने इथल्या भाषा शिकून घेतल्या आणि पुणे जिल्ह्यात त्याची नेमणूक झाली. जमिनीची पाहणी करून शेतसारा नव्याने ठरवण्याचं काम तेव्हा गोल्डस्मिड करत होते. त्यांच्या हाताखाली फ्रेअर गावोगाव हिंडला. टेबलावर बसून नियम करण्याआधी माणूस तिथे कसा राहतो ते पाहायचं, ही सवय त्याला इथे लागली असावी. पुढे तो मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज आर्थर यांचा खाजगी चिटणीस झाला आणि १८४४ साली त्यांचीच मुलगी कॅथरीन हिच्याशी त्याचं लग्न झालं.

१८४७ मध्ये तो साताऱ्याला रेसिडेंट म्हणून गेला. शहाजीराजे ऊर्फ आप्पासाहेब तेव्हा गादीवर होते. १८४८ च्या एप्रिलमध्ये ते वारले. त्यांना मूल नव्हतं, पण मरणापूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. हा दत्तक मान्य करावा, असं मत फ्रेअरने दिलं. डलहौसीने ते मानलं नाही आणि सातारा खालसा झालं. आता गंमत बघा. खालसा करू नये म्हणणारा फ्रेअरच त्या मुलखाचा पहिला कमिशनर झाला. त्याने राजीनामा दिला नाही. कारभार मात्र नीट केला. आपल्या मताविरुद्धचा हुकूम चोख बजावणारा अधिकारी भला म्हणायचा की सोयीचा, यावर आमच्या रूममध्ये रात्री दोनपर्यंत वाद झाला आणि निकाल काही लागला नाही.

१८५० मध्ये त्याला सिंधचा कमिशनर नेमलं गेलं. सिंध इंग्रजांनी १८४३ मध्येच जिंकलं होतं. प्रदेश प्रचंड, रस्ते जवळजवळ नाहीत आणि टपालाची रड तर विचारू नका. त्या काळी हिंदुस्थानात टपालाचा दर अंतर आणि वजन दोन्हींवर ठरायचा. पत्र जितकं लांब जाणार तितके पैसे जास्त. ते रोख मोजायचे, आणि पुष्कळदा पत्र घेणाऱ्याकडून वसूल करायचे. गरिबाने पत्र पाठवायचं तरी कसं?

इंग्लंडमध्ये रोलंड हिल यांनी हा घोळ सोडवला होता. अंतर कितीही असो, दर एकच, आणि पैसे आधीच भरल्याची खूण म्हणून पाकिटावर चिकटवायचं तिकीट. ते पहिलं तिकीट, पेनी ब्लॅक, मे १८४० चं. फ्रेअरने ही कल्पना सिंधमध्ये आणली. कराचीचे पोस्टमास्तर एडवर्ड कॉफी यांच्या साथीने त्याने घोडे आणि उंट लावून टपालाच्या फेऱ्या सुधारल्या आणि १ जुलै १८५२ रोजी अर्ध्या आण्याचं तिकीट काढलं. सोळा आण्यांचा रुपया, म्हणजे एका रुपयात बत्तीस पत्रं! आशियातलं हे पहिलं चिकटवायचं पोस्टाचं तिकीट. तेव्हा फ्रेअर सदतीस वर्षांचा होता.

आता जरा तिकिटाकडे नीट पाहू, कारण माझी सगळी फी त्यावर अवलंबून होती. सिंद डाक गोल असतं. कडेने बकल लावलेल्या पट्ट्यासारखी गोल पट्टी, आणि तिच्यावर इंग्रजीत सिंद डिस्ट्रिक्ट डाक हे शब्द. मध्ये कंपनीची व्यापारी खूण, म्हणजे हृदयाच्या आकाराचे तीन भाग आणि त्यांत ई, आय, सी ही अक्षरं. खाली किंमत. राणीचा चेहरा नाही, काही नाही. हे सगळं ठशाने दाबून उठवलेलं. आपल्या वर्कशॉपच्या भाषेत एम्बॉसिंग.

या तिकिटाचे तीन प्रकार आहेत आणि त्यांची नेहमी सांगितली जाणारी गोष्ट मला फार आवडली. पहिला प्रकार लाल. कागदावर लाखेची चकती आणि तिच्यावर ठसा. दिसायला झकास, पण लाख ठिसूळ. घोड्याच्या नि उंटाच्या पाठीवर पत्रांची थैली हिंदकळली की तिला तडे जायचे, तुकडे पडायचे. मग दुसरा प्रकार आला, पांढऱ्या कागदावर बिनरंगी उठाव. तुटत नाही, पण कंदिलाच्या उजेडात दिसतही नाही! मग तिसरा प्रकार, निळा. टिकतोही आणि दिसतोही. आपण प्रोजेक्टमध्ये पहिलं मॉडेल फुटलं की गाइडला दोष देतो. या लोकांनी दोन वर्षांच्या आत दोनदा चूक दुरुस्त केली.

हे तिकीट ३० सप्टेंबर १८५४ पर्यंतच चाललं. दुसऱ्या दिवसापासून सगळ्या हिंदुस्थानात एकच दर आणि एकच तिकिटं सुरू झाली. या नव्या तिकिटांतली बरीचशी कलकत्त्याला सर्व्हेअर जनरलच्या कचेरीत कॅप्टन थुइलिये यांच्या देखरेखीखाली दगडी ठशांवरून छापली गेली. त्यांच्यातले प्रकार ओळखणं हेही एक शास्त्रच आहे. एक आण्याचं लाल तिकीट घ्या. राणीच्या मानेखाली चित्र जिथे संपतं तिथलं टोक निमुळतं आहे की गोलसर, यावरून ठसा ओळखायला मदत होते. एवढ्याशा फरकावर किंमत बदलते. चार आण्याचं तिकीट दोन रंगांत दोनदा छापलं जायचं. त्यात कधी कागद उलटा गेला आणि राणीचं डोकं खाली, पाय नव्हे, मान वर झाली! छापखान्यातल्या चुकीचं इतकं मोल दुसऱ्या कुठल्या धंद्यात मिळत असेल असं वाटत नाही.

पण फ्रेअरकडे परत येऊ. सिंधमध्ये त्याने कराची बंदराच्या सुधारणेचा पाठपुरावा केला, १८५८ मध्ये तिथल्या रेल्वेच्या कामाचा आरंभ केला आणि त्याच्याच काळात, १८५३ च्या सुमारास, सिंधी भाषेची लिपी ठरून ती कारभारात आली. १८५७ च्या उठावात त्याने स्वतःच्या प्रांतातली फौज धोका पत्करून पंजाबकडे रवाना केली. वरच्या हुकमाची वाट न पाहता घेतलेला निर्णय. तो इंग्रजांच्या दृष्टीने बरोबर ठरला, त्याचं कौतुक झालं आणि त्याला सर ही पदवी मिळाली. हा प्रसंग लक्षात ठेवा. त्याचं काम पुढे लागणार आहे.

१८६२ मध्ये फ्रेअर मुंबईचा गव्हर्नर झाला. आणि इथे तो आमच्या गिरगावच्या गोष्टीत शिरतो. तोवर मुंबई म्हणजे तटबंदीच्या आतला फोर्ट आणि बाहेरची दाटी. फ्रेअरने तो तट पाडायला लावला. आज आपण ज्याला हुतात्मा चौक म्हणतो तिथलं फ्लोरा फाउंटन मुळात त्याच्या नावाने उभारायचं होतं. भायखळ्याच्या आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाची कोनशिला १८६२ मध्ये त्यानेच बसवली. त्याच वर्षी मुंबईच्या नव्या कायदे कौन्सिलात नाना शंकरशेट होते, म्हणजे आमच्या गिरगावचंच माणूस. नाना ३१ जुलै १८६५ रोजी वारले.

त्या १८६५ सालाने मुंबईला रडवलं. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. पैशाचा पूर लोटला. रोज नव्या कंपन्या, रोज नवे शेअर. बॅक बे म्हणजे ठाकूरद्वारहून पश्चिमेला चालत गेलं की लागणारा समुद्र. तो बुजवायची कंपनी निघाली आणि तिच्या शेअरसाठी लोक वेडे झाले. १८६५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतलं युद्ध संपत आल्याची बातमी लागली आणि सगळा फुगा फुटला. घरंच्या घरं बसली. बँक ऑफ बॉम्बे बुडाली. पुढे चौकशी झाली तेव्हा फ्रेअरच्या सरकारवरही ठपका आला. शहर वाढताना पाहून तोही इतरांसारखाच खूश होता. वेळेवर कुणी हात धरायला हवा होता, तो त्याने धरला नाही.

१८६७ मध्ये तो इंग्लंडला परतला. १८७३ मध्ये गुलामांचा व्यापार बंद करण्याच्या बोलणीसाठी झांजिबारला गेला, आणि त्याच वर्षी तिथल्या सुलतानाने तसा तह केला. मुक्त झालेल्या आफ्रिकनांसाठी मोंबासाजवळ जी वस्ती उभी राहिली तिचं नाव फ्रेअर टाउन. आणि तिथे राहायला आलेल्यांत आपल्या नाशिकजवळच्या शरणपूरच्या मिशनमध्ये वाढलेले, शिकलेले आफ्रिकन लोक होते! इथवर वाचून मी फ्रेअरचा जवळजवळ फॅन झालो होतो.

मग १८७७ उजाडलं. फ्रेअर दक्षिण आफ्रिकेत केपचा गव्हर्नर आणि हाय कमिशनर झाला. शेजारी झुलूंचं राज्य होतं, राजा सेट्शवायो. तिथली सगळी राज्यं एका छत्राखाली आणायची तर झुलूंची फौज मोडली पाहिजे, असं त्याने मनाशी ठरवलं. लंडनच्या सरकारला हे युद्ध नको होतं. अफगाणिस्तानात नुकतीच लढाई सुरू झाली होती. पण केपपर्यंत तेव्हा समुद्राखालची तार पोचली नव्हती. पत्र जाऊन उत्तर यायला आठवडेच्या आठवडे जात. फ्रेअरने ११ डिसेंबर १८७८ रोजी सेट्शवायोला निर्वाणीचा खलिता दिला. त्यात फौज मोडण्याची अट होती. कुठलाच राजा ती मान्य करणार नाही हे उघड होतं. युद्ध करू नका, हा लंडनचा सांगावा पोचेपर्यंत गाडी पुढे निघून गेली होती.

जानेवारी १८७९ मध्ये इंग्रज फौज झुलूंच्या मुलखात घुसली. २२ तारखेला इसांडलवाना इथे झुलूंनी तिला गाठलं. इंग्रजांच्या बाजूची तेराशेहून जास्त माणसं एका दिवसात मारली गेली. ही बातमी लंडनला पोचली ११ फेब्रुवारीला, म्हणजे वीस दिवसांनी. त्या लढाईत झुलूही मोठ्या संख्येने पडले, आणि जुलैपर्यंत त्यांचं राज्यच मोडलं गेलं. ज्यांनी कुणाची कुरापत काढली नव्हती त्यांचं घर उद्ध्वस्त झालं. फ्रेअरला सरकारने जाहीर समज दिली आणि १८८० मध्ये परत बोलावलं. २९ मे १८८४ रोजी तो विम्बल्डनला वारला. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये त्याला पुरलं.

हे वाचल्यावर मी बराच वेळ गॅलरीत उभा होतो. ज्या माणसाने गरिबाचं पत्र अर्ध्या आण्यात लवकर पोचावं म्हणून एवढी धडपड केली, त्याच माणसाने पत्र पोचायला लागणाऱ्या वेळेचा फायदा घेऊन युद्ध केलं. १८५७ मध्ये हुकमाची वाट न पाहणं त्याला फळलं होतं. बहुधा तिथेच त्याला वाटलं असावं की आपला अंदाज चुकत नाही. तिकिटाच्या बाबतीत लाख तुटली, त्याने कबूल केलं आणि बदललं. झुलूंच्या बाबतीत मात्र आपली चूक झाली हे त्याने मरेपर्यंत मान्य केलं नाही. उलट स्वतःची बाजू मांडत राहिला. हुशारी दोन्हीकडे तीच होती. चूक दुरुस्त करायची तयारी एका ठिकाणी होती, दुसऱ्या ठिकाणी नव्हती. एवढाच फरक, पण त्यावर हजारो माणसांचे जीव गेले.

आता आमच्या तिकिटाचं काय झालं ते सांगतो. तपासाचे नियम सोपे आहेत. एक, ठसा खरा दाबलेला आहे का? तिकीट आडव्या उजेडात धरलं की उठाव सावली टाकतो. दोन, पोस्टाचा शिक्का असेल तर तो कुठला आणि कधीचा? सिंधबाहेरचा किंवा १८५४ नंतरचा असेल तर मनात पाल चुकचुकलीच पाहिजे. तीन, अक्षर न् अक्षर खऱ्या नमुन्याशी ताडून बघायचं. आणि शेवटचा शब्द जाणकारांच्या प्रमाणपत्राचा, कारण या तिकिटाच्या नकला पुष्कळ झाल्या आहेत.

मला दुसऱ्या नियमापर्यंत जावंच लागलं नाही. आडव्या उजेडात सावली पडली नाही. भिंग लावलं तर लाखेच्या जागी बारीक ठिपके दिसले. लाल, पिवळे, काळे, रांगेत बसलेले. रंगीत मासिकाच्या छपाईत असतात तेच. भेगासुद्धा छापलेल्या! आजोबांनी कुठल्याशा मासिकातलं चित्र गोल कापून डकवलं होतं. अलगद सोडवलं तर मागे पेन्सिलीने त्यांच्याच अक्षरात टीप होती की हे नुसतं चित्र आहे, खरं मिळालं की बदलायचं.

म्हणजे त्यांनी कुणाला फसवलं नव्हतं. फसायला आम्हीच निघालो होतो. आजीला विचारलं तर ती म्हणाली की तिला हे ठाऊक होतं, पण चार दिवस सगळे एकत्र बसून आजोबांबद्दल बोलत होते, म्हणून ती गप्प राहिली.

दुसऱ्या पानावर चार तिकिटं आहेत. भारतीय तिकिटांच्या शताब्दीची, १ ऑक्टोबर १९५४ ची. ती अस्सल आहेत आणि त्यांचे फारसे पैसे येणार नाहीत. फीचं कर्ज आहे तिथेच आहे, त्याचे हप्ते नोकरी लागल्यावर मलाच फेडायचे आहेत. चित्र मी पुन्हा होतं तसं पहिल्या पानावर लावलं. टीप मात्र आता पुढच्या बाजूला, सगळ्यांना दिसेल अशी, माझ्या अक्षरात लिहिली आहे.